ज्याला रकाना नाही

शाळेतल्या बाईंनी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा नेमकी तक्रार काय, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. पहिलीतला मुलगा शाळेत मिळणारी खिचडी अर्धी खातो आणि अर्धी दप्तरात कोंबतो. वह्या चिकट, दप्तराला आंबूस वास. रागावलं तर रडत नाही, नुसता बघत राहतो. त्याची सहावीतली बहीण आठवड्यातून दोन-तीन दिवस येतच नाही आणि आली की वर्गात झोपते. "मारहाण वगैरे काही दिसत नाही हो, पण काहीतरी बिनसलंय," एवढंच बाई म्हणाल्या. निरोप आमच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आला आणि गृहभेट माझ्याकडे लागली.

मी बीड जिल्ह्यात हे काम करते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलांची ओळख उघड करता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी केली नसती. म्हणून इथे नावं नाहीत, गाव नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. बहिणीला मोठी म्हणते, भावाला धाकटा. मारहाणीवर, लैंगिक अत्याचारावर आता निदान बोललं जातं. लेकराच्या वाट्याला जे यायला हवं होतं आणि आलंच नाही, त्या उपेक्षेवर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. आमच्या यंत्रणेलाही ते चटकन दिसत नाही. एका प्रकरणात पहिल्या भेटीपासून आदेशापर्यंत आणि त्याच्याही पुढे काय काय होतं, ते एकदा सविस्तर सांगावं असं फार दिवस मनात होतं.

बालाघाटाच्या डोंगरातलं गाव. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमांच्या गाड्या लागतात आणि बघता बघता गावातली तरणी माणसं निघून जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल, आणि ती फेडायला सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात बेळगावकडे ऊसतोड. परत यायला गुढीपाडवा उजाडतो. तान्ही लेकरं सोबत जातात, शाळेतली आजी-आजोबांपाशी राहतात. मागे राहिलेल्यांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवायची सरकारी सोय आहे, तिथे दोन वेळचं जेवण मिळतं. त्या हंगामात या गावात ते सुरू झालेलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा दुपार कलली होती. एका खोलीचं पत्र्याचं घर, बाजेवर आजी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कानानेही कमी. मोठी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, तवा उतरवला, हात धुतले, पाण्याचा तांब्या माझ्यापुढे आणून ठेवला आणि परत चुलीपाशी जाऊन बसली. अकरा वर्षांच्या मुलीला पाहुण्याचं करायची एवढी सवय असावी, हे बघून माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. घरात ज्वारी होती, रेशनचे गहू-तांदूळ होते, तेल-मीठ होतं. आई-वडील रोज संध्याकाळी फोन करायचे. काही कमी आहे का, कुठे दुखतं का, रात्री भीती वाटते का, काहीही विचारलं तरी उत्तर एकच: "समदं बरंय."

धाकटा दाराआड उभा होता. मी त्याला बोलवायला गेले नाही. पिशवी ठेवून जमिनीवर बसले आणि आजीशी बोलत राहिले. बऱ्याच वेळाने तो भिंतीला धरून सरकत कोनाड्यापाशी गेला. कोनाडा त्याच्या हाताला पुरेल एवढ्याच उंचीवर. त्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत गुंडाळलेले भाकरीचे तुकडे होते, ओळीने लावलेले, काहींना बुरशी धरलेली. त्याने एकेक पिशवी दाबून पाहिली आणि होती तशी परत ठेवली. मोठीने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "त्याला खोड हाय तसली."

पुढे केव्हातरी उलगडलं की आदल्या हंगामात आजी आणि मोठी एकाच वेळी तापाने पडल्या होत्या. दोन दिवस चूल पेटली नव्हती. आजूबाजूच्या घरांना कुलपं. पाच वर्षांच्या धाकट्याने त्या दोन दिवसांत काय खाल्लं, हे आज कुणालाच सांगता येत नाही. त्याला तर नाहीच. पण त्याचे हात विसरले नव्हते.

गावात विचारपूस केली तर दोन प्रकारची माणसं भेटली. एक म्हणत होती, लेकरं उपाशी नाहीत, कुणी मारत नाही, मग केस कशाची करता? दुसरी म्हणत होती, आई-बापावर गुन्हा टाका, म्हणजे अक्कल येईल. दोघांनाही 'काय घडलं' हेच हवं होतं. कायद्यात गुन्ह्याची तरतूद आहे. कलम ७५ खाली मुलाकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे, ते मी गावात मुद्दाम समजावून सांगते. आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मूल सोडलं असेल, तर ते हेतुपुरस्सर नव्हतं असंच धरायचं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी गरिबी बघितलेली असणार.

इथे थोडं अभ्यासाकडे वळते, कारण त्यानेच माझी नजर तयार झाली. १९९८ साली अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी बालपणातल्या आघातांचा आणि मोठेपणीच्या आजारांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. सॅन डिएगोतल्या एका मोठ्या आरोग्यसेवेकडे तपासणीला आलेल्या हजारो माणसांना त्यांनी लहानपणाबद्दल विचारलं होतं. असे अनुभव जितके जास्त, तितका हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांचा धोका वाढलेला आढळला. पहिल्या यादीत मार होता, लैंगिक अत्याचार होता, घरातलं व्यसन, घरातली हिंसा होती. उपेक्षा त्या यादीत नंतर आली, शारीरिक आणि भावनिक अशी दोन्ही. संशोधकांनाही आधी तेच दिसलं जे घडलेलं होतं. आपल्याकडे महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली देशभर जो अभ्यास केला, त्यात मुलींच्या उपेक्षेचा स्वतंत्र विचार झाला होता. तरी प्रत्यक्ष कामात आम्ही अजून घटनाच शोधत फिरतो.

पहिल्या भेटीनंतर मुलांना तिथून हलवायचा माझा विचार नव्हता. शाळेशी, आशाताईंशी बोलून काही घडी बसवत होते. तेवढ्यात आजी अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि तिला जिल्हा रुग्णालयात हलवावं लागलं. चुलत्याने हात वर केले. आता घरात मोठं माणूस कुणी उरलं नव्हतं, आणि अशा मुलांना प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत, त्यांच्याबद्दल निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे हजर करावंच लागतं.

या हजर करण्याने अनेक लेकरं दुसऱ्यांदा मोडतात. गाडी येते, अनोळखी माणसं चढवतात, शेजारीपाजारी गोळा होतात. मी निघण्याआधी मोठीला घेऊन घरामागे बसले आणि पुढे काय होणार ते एकामागून एक सांगितलं. गाडी कोणती, सोबत कोण, पोलीस असतील पण साध्या कपड्यांत, तिथे टेबलाशी बसलेली माणसं कोण, ते काय विचारतील. कोणत्याही प्रश्नाला 'मला सांगायचं नाही' म्हटलं तरी चालेल, हे दोनदा सांगितलं. रात्री कुठे झोपायचं हे मला अजून माहीत नाही, कळलं की तुला सगळ्यांत आधी सांगेन, हेही सांगितलं. 'काही होणार नाही गं, घाबरू नको' एवढं मी म्हणाले नाही. ते माझ्या हातात नव्हतं, आणि या मुलीने पोकळ धीर पुष्कळ ऐकला होता. तिने विचारलं, बकरीचं काय? बकरी शाळेतल्या मदतनीस मावशींकडे पोचवल्यावरच आम्ही निघालो. त्यात बराच वेळ गेला आणि ड्रायव्हर वैतागला, पण तो वेळ द्यायलाच हवा होता.

समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. जागा कोर्टासारखी दिसू नये, सदस्यांनी उंच मंचावर बसू नये, मुलात आणि त्यांच्यात कठडा नसावा, असं नियमांतच लिहिलेलं आहे. त्या दिवशी खुर्च्या एका पातळीवर होत्या आणि धाकटा बहिणीच्या मांडीवर झोपून गेला. मी आधीच दोन पानी टिपण देऊन ठेवलं होतं आणि विनंती केली होती की यातलं पुन्हा मुलीला विचारू नये. असं मूल सरासरी किती टेबलांपुढे तेच तेच सांगतं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. शिक्षक, पोलीस, आम्ही, समिती, संस्थेतले अधीक्षक, समुपदेशक, डॉक्टर. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला ते दर वेळी पुन्हा भोगावं लागतं. आणि उपेक्षेतल्या मुलाकडे तर सांगायला गोष्टच नसते. 'काय झालं?' म्हटलं की ते 'काही नाही' म्हणतं, ते खरंच असतं आणि फाईल बंद व्हायला तेवढं पुरतं. अध्यक्षबाईंनी टिपण वाचलं आणि मोठीला एकच विचारलं, "भावाला काय लागतं, ते आम्हाला सांगशील?" ती पहिल्यांदा सलग बोलली. त्याला ताक लागतं, अंधार चालत नाही, डाव्या कानाला हात लावू देत नाही, रात्री उठून एकदा बाहेर न्यावं लागतं. पाचही जण ऐकत होते. ती एखाद्या आईसारखी तपशीलवार बोलत होती आणि तिचे पाय खुर्चीवरून खाली टेकत नव्हते.

पुढचा प्रश्न मुक्कामाचा. मुलींचं बालगृह वेगळं, मुलांचं वेगळं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये आलेली संत भगवानबाबा वसतिगृहंही मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. या दोघांना त्या वेळी वेगळं केलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. पालक कुटुंबात, म्हणजे जन्मदात्यांऐवजी सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात, ठेवताना शक्य तोवर भावंडं एकत्र ठेवावीत असं कलम ४४ सांगतं. तेच तत्त्व संस्थेलाही लावा, असा आग्रह मी धरला. धाकटा सहाच वर्षांचा असल्याने समितीने चौकशी होईपर्यंत दोघांना एकाच संस्थेत ठेवलं.

संस्थेतले ते दिवस मला सगळ्यांत जास्त शिकवून गेले. पहिल्या आठवड्यात काळजीवाहक काकूंची तक्रार आली: धाकटा गादीखाली पोळ्या लपवतो, मुंग्या होतात, रोज रात्री गादी ओली करतो. मोठी कुणाला त्याला भरवू देत नाही, खेळायला जात नाही, ताटं उचलायला धावते. काकू मनाने चांगल्या. त्यांना वाटत होतं, आता या पोरीला आराम मिळू दे, म्हणून त्यांनी धाकट्याचं सगळं स्वतःकडे घेतलं. त्या रात्री मोठीला उलट्या सुरू झाल्या.

काकूंशी मी सविस्तर बोलले. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०२० पासून अशा मुलांसाठी 'संवाद' हा उपक्रम चालतो, त्याच्या प्रशिक्षणाचा मला इथे फार उपयोग झाला. लपवलेली पोळी ही चोरी नाही, उद्याची तजवीज आहे. ती हिसकावली की भीती दुप्पट होते. म्हणून आम्ही धाकट्याला त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेला झाकणाचा स्टीलचा डबा दिला. त्यात फुटाणे, शेंगदाणे, गुळाचा खडा. डबा त्याच्या उशाशी, आणि काकूंनी रोज संध्याकाळी त्याच्या समोर तो भरायचा. नियम एकच, डबा कधी रिकामा राहायचा नाही. सुरुवातीला त्याने रोज रात्रीतून सगळा फस्त केला. मग अर्धा. मग एके दिवशी काकूंनीच फोन करून सांगितलं की आज त्याने शेजारच्या गादीवरच्या मुलाला मूठभर फुटाणे दिले. गादीखाली पोळी सापडणं त्याच सुमारास थांबलं. अंथरूण ओलं होणं मात्र पुढे बरेच महिने चालू राहिलं, त्यावर कुणी काही बोलायचं नाही असं ठरलं होतं आणि सगळ्यांनी ते पाळलं.

मोठीचं जास्त नाजूक होतं. अशा मुलीच्या डोक्यावरचं ओझं एकदम काढून घेऊ नये. त्या ओझ्यावर तिची सगळी पत उभी असते. 'तू आता लहान हो' असं सांगून कुणी लहान होत नाही. आम्ही तिचं काम तिच्याकडेच ठेवलं आणि सोबत माणूस दिलं. ती भरवायची, काकू शेजारी बसायच्या. मग काकू भात कालवायच्या, ती भरवायची. रात्री दाराची कडी लागली की नाही हे बघितल्याशिवाय तिला झोप येत नव्हती, म्हणून कडी लावायचं काम रीतसर तिलाच दिलं. अमेरिकेतल्या 'सॅम्सा' या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये ट्रॉमा-इन्फॉर्म्ड, म्हणजे मनावरचा आघात ओळखून करायच्या, कामाची तत्त्वं मांडली, त्यांत सुरक्षितता आहे, पारदर्शकता आहे, ज्याचं आयुष्य त्याचा शब्द चालणं आहे. प्रशिक्षणात ती पडद्यावर सहा ओळींत दिसतात. आमच्याकडे ती अशी एका कडीवर आणि एका डब्यावर येऊन ठेपली.

इकडे सामाजिक तपासणी अहवालाची मुदत चालू होती. पंधरा दिवसांत तो समितीकडे जायला हवा, म्हणजे चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश होऊ शकतो. या अहवालाला आम्ही बोलताना अजून गृहचौकशीच म्हणतो. नमुना क्रमांक २२ मध्ये घर, उत्पन्न, व्यसन, नातेसंबंध, शिक्षण असे रकाने आहेत. मुलाला मिळालेल्या वाईट वागणुकीचाही तक्ता आहे: अन्न न देणे, बेदम मारणे, इजा करणे, डांबून ठेवणे. एकेका ओळीवर मी थांबत होते. अन्न दिलं होतं. मारलं नव्हतं. इजा नव्हती. डांबलं नव्हतं. ताप आला तर कपाळावर कोण हात ठेवत होतं, रात्री उठल्यावर कोण जागं होतं, शाळेतून आल्यावर 'आज काय झालं' असं कुणी विचारत होतं का, यासाठी तिथे ओळ नव्हती. 'इतर' या शब्दापुढे जेवढी जागा होती ती वापरली आणि खाली स्वतंत्र पानं जोडली.

आई-वडिलांना भेटल्याशिवाय अहवाल पुरा होणार नव्हता. कारखान्याच्या परिसरात उसाच्या पाचटाच्या कोप्या, शेजारी बैल बांधलेले. आई पहाटे अंधारात फडात जायची ती गाडी भरूनच परतायची. मी गेले तेव्हा ती नुकतीच आली होती, हाताला उसाच्या पात्यांचे चरे. मी कोण ते कळल्यावर तिने पहिलं वाक्य उच्चारलं, "माझी लेकरं सरकार घेणार का, मॅडम?" तिला मी सांगितलं की निर्णय समितीचा असतो, मी होय-नाही सांगू शकत नाही, पण माझ्या अहवालात जे जाईल ते तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय जाणार नाही. वडील गप्प उभे होते. मग तेही खाली बसले.

आईची स्वतःची कहाणी ऐकायला मी गेले नव्हते, ती आपसूक आली. तीही अशीच मागे राहिलेली. धाकट्या दोन बहिणी तिनेच वाढवल्या. चौदाव्या वर्षी लग्न, कारण एकट्या राहणाऱ्या पोरीला सांभाळणार कोण, आणि लग्न झालं की कोयता पुरा होतो. तिला मोठीचं काही विशेष वाटत नव्हतं याचं कारण मला तिथे समजलं. तिच्या लेखी बालपण असंच असतं. संध्याकाळच्या फोनवर मुलगी 'समदं बरंय' म्हणायची, आईने तिच्या वयात तेच म्हटलं होतं. अर्ध्यातून उठून गावी या, असं मी सुचवलंही नाही. एक जण निघाला की कोयता मोडतो, उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी व्याजासकट उभी ठाकते. जे तिला परवडणारं नाही ते तिच्या मायेच्या परीक्षेसारखं पुढे ठेवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

तिथेच मावशीचं नाव निघालं. आईने वाढवलेल्या बहिणींपैकी धाकटी, शेजारच्या तालुक्यात दिलेली, नवरा गवंडीकाम करणारा, दोघं वर्षभर घरीच. स्वतःची एक मुलगी. मी घर बघून आले, शेजाऱ्यांशी बोलले, तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन वेगळं विचारलं. त्याच्या मनाविरुद्ध मुलं आली असती तर सहा महिन्यांत परत आली असती. तो म्हणाला, ठेवू, पण खर्चाचं बघा. सरळ बोलला ते बरं वाटलं.

समितीपुढे मी कुटुंबाचीच बाजू मांडली. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्याचंच मूलतत्त्व आहे. रुमानियात बुखारेस्टला २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतल्या १३६ मुलांपैकी निम्मी चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून पालक कुटुंबांत ठेवली गेली. कुटुंबात गेलेली मुलं अधिक सावरली, आणि दोन वर्षांची होण्याआधी गेलेली सगळ्यांत जास्त. आमचा धाकटा सहा वर्षांचा झाला होता, अजून उशीर करण्यात अर्थ नव्हता.

अहवाल दाखल करण्याआधी तो मोठीला तिच्या भाषेत वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आज्जी वंगाळ न्हाई, ते बी लिवा. तिला दिसत न्हाई म्हणून. रोज रातीला मला जवळ घेऊन निजायची." ते वाक्य तिच्याच शब्दांत अहवालात आहे. समितीने ते मोठ्याने वाचलं.

आदेश झाला: दोन्ही मुलं मावशीकडे, आणि मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतल्या प्रायोजकत्वासाठी, म्हणजे मासिक मदतीसाठी, शिफारस. दरमहा मुलामागे ४,००० रुपये, ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत हवं. राज्याची बालसंगोपन योजनाही आहे, पण या प्रकरणात वात्सल्य लागू पडलं. मग कागद. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची प्रत, दोघांचे आधार, बोनाफाईड, मुलांच्या नावाचं बँक खातं. धाकट्याच्या आधारवर जन्मतारीख एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. पैसे सुरू व्हायला पाडवा उलटला. तोवर मावशीने किराणा उधारीवर चालवला. अशा वेळी कागद घेऊन टेबलामागून टेबलामागे फिरणं हेही समाजकार्यच आहे, आणि मुलाच्या घरातली शांतता त्यावर अवलंबून असते. उधारी वाढली की पहिला चटका पाहुण्या लेकरांना बसतो.

मुलं मावशीकडे गेल्यावर सगळं सुरळीत होईल असं तिला वाटत होतं. झालं उलटं. महिनाभरात तिचा फोन आला, "ताई, हितं आल्यावर बिघडली पोरं." धाकटा लाथा झाडायचा, जेवणाचं ताट भिरकावायचा. मोठी सकाळी उठत नव्हती, सांगितलेलं ऐकत नव्हती, एकदा तर तिने भावाच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच तासभर हुंदके देऊन रडली. मावशीला वाटलं, आपलंच काही चुकतंय. मी तिच्याकडे जाऊन बसले. इतकी वर्षं या पोरीला आजारी पडायला, रुसायला, आळस करायला सवड नव्हती. आता घरात सांभाळणारं माणूस आहे हे अंगाला पटलं, म्हणून तुंबलेलं बाहेर येतंय. तुमच्यावर विश्वास बसल्याचं हे लक्षण आहे. "असलं कसलं लक्षण!" ती म्हणाली, पण चिकाटीने टिकली. मारायचं नाही, उपकार काढायचे नाहीत, आणि 'आईकडे पाठवून देईन' ही धमकी कधीही द्यायची नाही, एवढं आम्ही ठरवलं होतं. हे तिसरं तिला फार जड गेलं, तरी तिने ते पाळलं. डबा तिच्या घरीही चालू ठेवला.

पाडव्यानंतर आई-वडील परतले. पुनर्भेट एकदम न ठेवता टप्प्याटप्प्याने ठेवली. आधी मावशीच्या घरी दिवसभर, मग रात्रीचा मुक्काम. पहिल्या दिवशी धाकटा आईकडे गेला नाही आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं, ओढून घेऊ नका. ती अंगणात तांदूळ निवडत बसून राहिली. संध्याकाळी तो जवळ जाऊन खडे वेचायला लागला.

दिवाळीपूर्वी पुन्हा प्रश्न उभा राहिला. जुनी उचल फिटलेली नव्हती, जावं लागणार होतं. या वेळी मोठीने समितीच्या आढाव्यात स्वतः सांगितलं की आम्ही मावशीकडे राहू, पण जायचा दिवस आधी सांगा, झोपेत असताना जाऊ नका. आधीच्या प्रत्येक वर्षी मुलं रडतात म्हणून आई-बाप पहाटे गुपचूप निघून जायचे. त्या वर्षी उजेडात गेले. धाकटा गाडीमागे पळाला, मोठ्याने रडला, मावशीने त्याला कडेवर घेऊन रडू दिलं. फोनचंही आम्ही बदललं. 'बरं हाय का' हा प्रश्न बंद. आईने विचारायचं: आज शाळेत कुणाशेजारी बसलीस, मावशीने काय केलं होतं, धाकटा कशाला रडला. सुरुवातीला आईला असं बोलणं जमेना, तिला कुणी कधी असं विचारलेलं नव्हतं. आता ते दहा-पंधरा मिनिटं चालतं.

गावात ग्राम बाल संरक्षण समितीची बैठक आता आम्ही सप्टेंबरातच घेतो. कोण जाणार, कुणाची मुलं मागे राहणार, कुणापाशी, त्या माणसाला दिसतं-ऐकू येतं का, रात्री मुलांजवळ कोण झोपतं, आजारपणात कुणाला हाक मारायची, अशी घरटी यादी होते. तिच्या जोरावर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टोळ्या निघायच्या आधी पाठवता येतो. यंदाच्या यादीत सातवी-आठवीतल्या मुलींची संख्या मला खटकली आहे, कारण याच वयात लग्नं उरकली जातात. त्या घरांच्या भेटी टोळ्या निघायच्या आत करायच्या आहेत. आशाताई आणि शाळेतल्या त्याच बाई सोबत येणार आहेत.